गाळाचा वानवळा

ज्या जागेत बारा वर्षांत तिडक्यांच्या घरातलं कुणी घडीभर बसलं नव्हतं, तिथं आज सतरंज्या अंथरल्या होत्या. रामेश्वरनं घरच्या खुर्च्या टेम्पोत घालून आणल्या होत्या, पाण्याचा जार आणला होता, आप्पांसाठी हाताची खुर्ची आणि पायाखाली घ्यायला पाटसुद्धा आणला होता. प्रविणनं गंजक्या फाटकाला अर्धी बाटली तेल पाजलं, तरी ते उघडताना ओरडलंच. बघणाऱ्याला वाटावं, साखरपुडा आहे. होती मातीची तपासणी.

त्याची वहिनी, रामेश्वरची बायको सुरेखा, फाटकाजवळच्या लिंबाखाली जेवणाचे डबे उतरवत होती. सगळ्यात शेवटी तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मेथीची मोठी जुडी उतरवली, मुळांसकट, मुळांच्या मातीसकट. ती नणंदेसाठी होती. रोहिणीची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. परसातलं पहिलं निघालं की आधी जवळच्यांच्या घरी पोचवायचं आणि मग आपल्या चुलीवर ठेवायचं, हा वानवळा थोरल्या सुनेनं तीस वर्षांत कधी चुकवला नव्हता. "इकतची भाजी मेलेली आसती," ती म्हणायची, "वानवळा कसा जित्ता पायजे." म्हणून मुळं ती कधी तोडायची नाही.

ही जागा म्हणजे आप्पांची भट्टी. सुंदरराव बिभीषण तिडके, घरचे आप्पा, यांनी सव्वीस वर्षं इथं जुन्या बॅटऱ्या फोडल्या, त्यातलं शिसं वितळवलं आणि त्याच्या विटा पाडून मोठ्या शहरांत धाडल्या. त्या शिशावर घर उभं राहिलं, रोहिणीचं लग्न झालं, प्रविणचं इंजिनिअरिंग दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटलं. मग औद्योगिक वसाहतीतल्या जिनिंगला कुलूप लागलं, पाठोपाठ पाइपच्या कारखान्याला, आणि चौदातली अकरा शेडं बंद पडल्यावर बारावी म्हणून आप्पांची भट्टी विझली. आता शेजारच्या शेडात कुणीतरी शेळ्या बांधतं. भट्टीच्या आवारात मात्र शेळ्याही शिरत नाहीत, कारण तिथं खायला गवतच उगवत नाही. तिडक्यांच्या घरात याला कुणी विष म्हणत नाही. "जमिनीला जरा उष्णता हाय," असं म्हणतात.

ऊसतोड्यांच्या मुलींसाठी वसतिगृहं काढणाऱ्या एका संस्थेला जागा हवी होती. ही जागा त्यांना द्यावी, हे मूळ डोकं सुरेखाचं. पण या घरात डोकं बायकोचं आणि भाषण नवऱ्याचं, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. म्हणून दोन वर्षांत रामेश्वरनं ते तीन व्यासपीठांवरून स्वतःचं म्हणून सांगून टाकलं. पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून घेतली: सुंदरराव बिभीषण तिडके कन्या वसतिगृह. सुरेखाला पाटीचं काही नव्हतं. तिची आई भिवराबाई बत्तीस हंगाम कोयता घेऊन गेली होती. दिवाळी झाली की सुरेखाचं नाव हजेरीपटात राहायचं आणि सुरेखा कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसायची. तिसरीचं पुस्तक तिनं तीन वर्षं तिसरीतच वाचलं. अशा चाळीस पोरींना हंगामभर इथं राहून शाळेत जाता आलं, तर आपल्या जन्माचं चीज झालं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

आणि म्हणूनच ती तीन आठवड्यांपूर्वी गप्प बसली होती.

संस्थेची अट एकच होती. मुली राहणार, तेव्हा माती तपासायची, आणि त्यातल्या शिशाचा आकडा शंभराच्या आत हवा. हे कळल्यावर रामेश्वर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या तळ्याच्या काठावर उन्हाळ्यापासून पडलेला गाळ बावीस हायवा ट्रक भरून आला आणि भट्टीच्या आवारात हातभर जाडीनं पसरला. काळाभोर, मऊ, लोण्यासारखा गाळ. "ह्याच्यात काय पाप हाय?" रामेश्वर म्हणाला होता. "वावरात टाकतो तसाच हितं टाकला. चांगलीच माती हाय की." सुरेखाला खटकलं होतं. पण चाळीस पोरी डोळ्यांपुढं आल्या आणि तिनं पदर तोंडात धरला.

"मी पयल्यापासून सांगायलोय, मंगल कार्यालय काढा," प्रविणनं सतरंजीवर बसता बसता सुरू केलं. धाकटा भाऊ कुठंही बसला की आधी विरोध नोंदवायचा. "लग्नाला येणारा मानूस काय माती चाखून बघतोय का? जेवतो, आयेर करतो, जातो."

"तुपलं मंगल कार्यालय तू तुपल्या डोक्यावर काढ," रामेश्वर म्हणाला. "हितं आप्पांचं नाव लागनार हाय."

"दादा, माझी सही कुणी गृहीत धरू नका," रोहिणी म्हणाली. ती अंबाजोगाईत शिक्षिका. शुद्ध बोलायची आणि हक्काचं तर त्याहून शुद्ध. "जागेत माझाही वाटा आहे. पाटीवर आईचंही नाव हवं. सरस्वतीबाई कुठंच नाहीत."

"मायचं नाव खोलीला देऊ."

"कोणत्या? भांड्याच्या?"

आप्पांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी कमी ऐकू यायचं, पण कामाचं बरोबर यायचं. "पाटी कुटंय?" त्यांनी विचारलं.

"येती, आप्पा, येती," रामेश्वर ओरडला.

तेवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली. चालवणारी जिनत आणि मागं तिच्या कमरेला धरून बसलेले तिचे आजोबा खाजामियाँ. खाजामियाँ भट्टीवरचे जुने मिस्त्री. बावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभे राहिलेले. आता त्यांचे हात इतके कापायचे की बशीतला चहा ओठांपर्यंत जाईतो निम्मा सदऱ्यावर. लोक म्हणायचे, वय झालं. आप्पा त्यांच्याहून चार वर्षांनी थोरले आणि आप्पांचा हात अजून सुईत दोरा ओवतो. पण आप्पा भट्टीच्या तोंडाशी उभे राहत नव्हते, आप्पा गल्ल्यावर बसत.

जिनत सुरेखाच्या अंगाखांद्यावर खेळलेली. केमिस्ट्री शिकली आणि संस्थेनं नेमलेल्या प्रयोगशाळेत लागली. तीच तपासायला येणार हे कळल्यापासून रामेश्वरचं जेवण पूर्ववत झालं होतं. "घरचीच पोर हाय," तो सुरेखाच्या कानाशी आता पुन्हा पुटपुटला. "सांबाळून घेती."

"सलाम आप्पा. काकी, कशा आहात?" जिनतनं हेल्मेट काढलं आणि पेटीतून एक यंत्र बाहेर काढलं. हुबेहूब पिस्तूल. प्रविण सतरंजीवरून थोडा मागं सरकला.

"ह्याच्यात गोळ्या नसतात, काका. मातीवर टेकवायचं, दाबायचं, अर्ध्या मिनिटात आकडा येतो. पक्कं नंतर प्रयोगशाळेत होतंच." तिनं हातमोजे चढवले. "सुरुवात लिंबापासनं करू. हितं पयलं ऑफिस होतं, म्हंजे हितं सगळ्यात कमी यायला पाहिजे."

रामेश्वरनं सगळ्यांकडं आता बघाच अशा नजरेनं पाहिलं. जिनतनं चिमटीभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घेतली, पिस्तूल टेकवलं. आकडा आला. तिनं पिशवी हलवून पुन्हा टेकवलं. मग चार पावलांवर जाऊन तिसऱ्यांदा.

"कितीय?" रामेश्वरनं विचारलं.

"अकराशे चाळीस."

"शंभर म्हन्ली व्हतीस ना तू?"

"शंभराच्या आत पाहिजे, म्हणलं होतं."

"यंत्र चीनचं दिसतंय," प्रविण म्हणाला. जमिनीचं वाटोळं झालं तरी थोरल्या भावाचं झालं, एवढा आनंद त्याच्या आवाजात होताच.

जिनतनं खुरपं घेतलं आणि त्याच जागी खोल खड्डा केला. हातभर काळी माती गेली, खालून तांबूस मुरूम लागला. मुरमावर यंत्र टेकवलं. चौतीस.

ती उकिडवी बसूनच वर बघत म्हणाली, "काका, हे जुळत नाही. भट्टीच्या जागेत वर जास्त, खाली कमी, हे समजतं. पण हितं भट्टी नव्हतीच. खालची जमीन स्वच्छ आहे आणि वरची नासलेली. ही वरची माती कुठली?"

"हितलीच," रामेश्वर म्हणाला. "आजूबाजूची."

खाजामियाँ काठी टेकत आले. वाकून त्यांनी मूठभर काळी माती उचलली. मूठ कापत होती, निम्मी बोटांतून गळाली. उरलेली त्यांनी नाकाला लावली आणि त्यांना हसू आलं.

"हौ, हितलीच हाय," ते म्हणाले. "पन हितनं गेलेली. खालच्या तळ्याचा गाळ हाय बाबा ह्यो. बावीस साल मी वास घेतलाय, मला कोन शिकवतं? पावसाळ्यात भट्टीचं पानी आंगनात तुंबायचं. मालक बोलले, खाजा, नाली काड, खाली जाऊ दे. म्याच खंदली. सरळ तळ्यात." त्यांनी हात झटकले. "गेलतं ते परत आलं. रामेश्वर, बाबा, तू भाडं देऊन आनलं त्याला."

शेजारच्या शेडात शेळी ओरडली.

रामेश्वरचा चेहरा बघवत नव्हता. सुरेखाला कळत होतं, त्याला भट्टी दिसत नव्हती. त्याला दिवाणखान्यातला फोटो दिसत होता. तीन वर्षांपूर्वी तळं कोरडं पडलं तेव्हा गाळ काढायची मोहीम निघाली, समितीचा अध्यक्ष रामेश्वर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाळ निघाला. वाडीतल्या निम्म्या लोकांनी वावरात नेला, रामेश्वरच्या नावानं नारळ फोडले. जिल्ह्याच्या कार्यक्रमात त्याला शाल मिळाली, जलदूत म्हणून. शाल अजून कपाटात प्लास्टिकमध्ये आहे.

जे पुढं झालं ते तिडक्यांच्या घराण्यात दहा वर्षांत झालं नव्हतं. तिन्ही भावंडांचं एकमत झालं.

"जिनत," प्रविण एकदम समजूतदार आवाजात म्हणाला, "ह्यो वरचा गाळ आमी उचलतो. उद्याच्या उद्या. खालचं चौतीस हायच की. तू खालचं तेवढं लिव."

"ऑफिसची बाजू पास होईल ना तशी?" रोहिणीनं विचारलं. "म्हणजे कागदोपत्री?"

"होईल," जिनत म्हणाली. "वरचं उचललं आणि पुन्हा तपासलं, तर ही बाजू वापरता येईल. भट्टीची बाजू खोदून, भरून, वर काँक्रीट करावं लागेल. संस्थेची तयारी आहे तेवढी."

सुरेखाच्या छातीतला दगड जरा हलला. म्हणजे होतं अजून. पोरी राहू शकत होत्या.

"बगा!" रामेश्वरला वाचा फुटली. "आन् गाळ टाकायची चिंता न्हाई. शाळेच्या मैदानाला भर पायजे म्हनून सरपंच मागंच लागलाय."

जिनतनं पिस्तूल पेटीत ठेवलं. "काका, हा गाळ अजून कुठंकुठं गेलाय?"

"कावून इचारतीस?" तिघंही एकदम.

"माझ्या कागदात एवढीच जागा आहे. बाकीचं मला कुणी विचारलेलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाही तर मी लिहूही शकत नाही. पण शिसं पोरांच्या रक्तात जातं. ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत, गरोदर बाया आहेत..." ती थांबली. "सांगायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा."

"तळ्याचा गाळ तळ्यातच पडलाय गं," रामेश्वर म्हणाला. "थोडासाच निघालता. चल, जेवून घेऊ. सुरेखा, वाड."

सुरेखानं पानं मांडली. ज्वारीच्या भाकरी, मेथीची परतलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी. रोहिणीनं भावाच्या पानात स्वतःहून चटणी घातली; सकाळी याच बहिणीनं त्याला वकिलाची भीती घातली होती. प्रविण दादाला पाणी देत होता. एका खोट्यानं घर कसं एकत्र आलं होतं! सुरेखाला वाटलं, सासूबाई असत्या तर दृष्ट काढली असती.

खाजामियाँनी ताट पुढं केलं. ताट थडथडत होतं. "सूनबाई, भाजी आनखी घाल. तुपल्या परसातली हाय ना? शनवारी धाडलेली दोन दिवस खाल्ली आमी. जिनतची आई म्हन्ली, अशी कवळी मेती बाजारात न्हाई."

सुरेखाचा डाव हवेतच राहिला.

परसात गेल्या उन्हाळ्यात तिनंच दोन ट्रॉल्या गाळ मागून घेतला होता. रामेश्वर म्हणत होता, वावराला पुरू दे. तीच हट्टाला पेटली, मपल्या वाफ्याला पायजे. भाजी काय फोफावली होती! शेपू, मेथी, पालक. तिनं कुणाकुणाला दिली नव्हती? सगळी वानवळ्याची घरं तिच्या डोळ्यांपुढनं रांगेनं गेली.

तिनं डाव पातेल्यात ठेवला, लिंबाखाली गेली आणि ओल्या गोणपाटातली जुडी घेऊन आली.

"जिनत, ह्याच्यावर लाव तुपलं ते."

"आगं, जेवू दी पोरीला," रामेश्वर म्हणाला. "भाजीला कोन यंत्र लावतं?"

"भाजीला न्हाई. मुळाच्या मातीला."

जिनतनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग हात धुतले, मोजे चढवले, मुळांची माती पिशवीत झटकली, यंत्र टेकवलं. अर्धं मिनिट सगळ्यांचे घास हातात राहिले.

"नऊशे सत्तर," ती हळू म्हणाली.

"ही जुडी कुणाची?" रोहिणीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. "वहिनी, ही माझी ना? मागच्या महिन्यात दोनदा पाठवलेली... तेजूला डोहाळे मेथीचेच लागलेत म्हणून..." तिनं ताट बाजूला सारलं. शुद्ध बोलणं कुठल्या कुठं गेलं. "आगं माय! काय केलं मी, कच्ची खाऊ घातली गं तिला!"

"तू न्हाई केलं. म्या दिली," सुरेखा म्हणाली. ती सतरंजीवर बसली आणि जिनतला म्हणाली, "वही काड."

"सुरेखा!" रामेश्वर उठलाच. "येडी झालीस का? यादी बाहीर गेली की वाडी दारात यील. संस्था पायाला पाय लावून पळंल. वसतिगृहाचं नाव घेनार न्हाई कोनी. तुपलंच हाय ना ते? दोन वरीस मपलं डोकं खाल्लंस!"

"मपलंच हाय." तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं. "म्हनूनच सांगते. हितला गाळ उचलून तुमी शाळेच्या मैदानात टाकनार. मैदानात कोनाच्या पोरी खेळत्यात ओ? आन् वाडीतल्या बाया निम्म्या तोडीला गेल्यात, माघारी आल्या की त्येच वावरातलं दानं खात्यात. चाळीस पोरींना छप्पर द्यायचं आन् त्यांच्या ताटात हे वाडायचं? म्या तीन आठवडे गप बसले. आता मला न्हाई जमत."

"वहिनी, पर जलदूत..." प्रविणनं तोंड उघडलं.

"शाल कपाटात ऱ्हाऊ द्या. कसर लागत न्हाई तिला."

प्रविणनं मान खाली घातली. रामेश्वरनं आशेनं रोहिणीकडं पाहिलं. घडीभरापूर्वी ती त्याच्या बाजूची होती. रोहिणी फोनवर लेकीचा नंबर लावत होती, आणि चुकत होती, आणि पुन्हा लावत होती.

जिनतनं वही उघडली. "काकी, मला गाळ गेलेली वावरं पाहिजेत. भाजी गेलेली घरं पण. तुम्हाला आठवतील?"

"मला न्हाई आठवनार तर कुनाला? वावरं ह्यांच्या समितीच्या वहीत हायती. घरं मपल्या तोंडपाठ." सुरेखानं पदरानं डोळे पुसले. "आधी आमचंच लिव."

"नाव?"

"सुंदरराव बिभीषण तिडके."

आप्पा इतका वेळ शांतपणे भाकरी कुस्करत होते. स्वतःचं नाव मात्र त्यांना पोचलं. त्यांनी टोपी नीट केली, खुर्चीत सरळ झाले. त्यांच्या सुरकुतल्या तोंडावर असं समाधान पसरलं की सुरेखाला बघवेना.

"पाटीचं चाललंय का?" त्यांनी विचारलं.

रामेश्वरनं दुसरीकडं तोंड फिरवलं. सुरेखा त्यांच्या कानाशी वाकली.

"व्हय, आप्पा. तुमचं नाव पयलं हाय."

"अक्षरं ठळक काडा म्हनाव. लांबनं वाचता यायला पायजेत."

"ठळकच काडतीय पोरगी," सुरेखा म्हणाली आणि परत जिनतजवळ येऊन बसली. "दोन नंबरला रोहिणीताई लिव. घरात गरवार लेक हाय, सातवा महिना. तेबी लिव."